दानिएलकाकांची पोच

कंधार शहरातल्या तमाम ऐकणाऱ्या, न ऐकणाऱ्या आणि ऐकून न ऐकल्यासारखं करणाऱ्या रहिवाशांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, बसस्टँडसमोरच्या रशीदभाईच्या हॉटेलात एका गृहस्थानं एक कप चहा मागवला आणि तो टेबलावर यायला पंचवीस मिनिटं लागली. दूध नासलं नव्हतं, गॅस संपला नव्हता. गिऱ्हाईक दानिएलकाका होते, एवढंच.

"रशीदभाई, एक चहा. साखर कमी, आलं नको, कप कोरडा."

"आलाच, काका."

"आलाच न्हाई. मी काय म्हणलो ते सांगा आधी."

"एक चहा म्हणले."

"कसा?"

"साखर कमी."

"आन?"

 रशीदभाईंचा हात सवयीनं आल्याच्या तुकड्याकडं गेला होता, तो हवेत थांबला. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, "काका, निकाहाला पण तीनदाच विचारतेत. तुम्ही चौथ्यांदा विचारून राहिले."

"मग चौथ्यांदा सांगा."

याला काका 'पोच' म्हणत. त्यांना काहीही सांगा, ते आधी तुमचं तुम्हाला परत सांगत आणि तुम्ही "हाव, असंच" म्हणेपर्यंत उत्तर देत नसत. त्यांनी तुम्हाला काही सांगितलं तर तुमच्यावरही तीच पाळी. माझी बायको एकदा त्यांच्यासमोर माझ्याबद्दल काहीतरी बोलली. मी लगेच तोंड उघडलं. काकांनी हात आडवा केला. "आधी पोच द्या." मला ती सहा वाक्यं धड परत सांगायला तीन प्रयत्न लागले. तिसऱ्या वेळी बायको डोळे पुसत आत गेली आणि त्या दिवशी आमच्याकडं भांडण झालं नाही. मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

काका निवृत्त पोस्टमन. सायकल सुटून कित्येक वर्षं झाली, तरी पँटच्या पायाला क्लिप लावून फिरत. दारावरून जाताना पाऊल अर्धं थांबे, जणू आत काही टाकायचं राहिलंय. माणसांची नावं त्यांना महत्त्वाची वाटत नसत, पत्ते वाटत. मला ते हाक मारायचे, "ओ फोटो स्टुडिओ, मारुतीच्या मागं." पाळकसाहेबांना, "देवळाशेजारी, निळं फाटक." बारशाला गेले की बाळाकडं बघून म्हणायचे, "पत्ता तात्पुरता आहे." लोक हसायचे. मीही.

पोच ते नोकरीत शिकले. कंधारच्या आसपासच्या वाड्यांवर त्यांची फेरी असायची. पत्र आणायचं तसं वाचूनही दाखवायचं, कारण घरात वाचता येणारं कुणी नसे. एका मावशीला त्यांनी तिच्या मुलाचं पत्र वाचून दाखवलं. विचारलं, "काय लिहिलंय?" मावशी म्हणाली, "लेकरू खुशाल हाय. काळजी करू नका म्हणून राहिलं."

"न्हाई मावशी. त्याच्या आधी काय लिहिलंय?"

"खुशाल हाय."

काकांनी पत्र चार वेळा वाचलं. चौथ्या वेळेला मावशी म्हणाली, "पाय कापलाय," आणि मग खाली बसली. हा किस्सा काका सांगत तेव्हा शेवटी एवढंच म्हणत, "तिला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. कानाला आलं होतं. हातापायाला आलं नव्हतं."

आता आमच्या देवळाबद्दल, म्हणजे चर्चबद्दल. पत्र्याचं छप्पर, तीसेक कुटुंबं, एक पेटी आणि ती वाजवणारा मी. पाळकसाहेब तरुण, बाहेर शिकून आलेले. दोन वर्षं इब्री, म्हणजे हिब्रू भाषा केलेली, आणि ती कुठंतरी वापरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एका रविवारी त्यांनी संदेशासाठी, म्हणजे प्रवचनासाठी, एकच शब्द घेतला. शमा.

"आपल्या मराठी बायबलात जिथं 'आज्ञा पाळा' असं छापलंय," ते म्हणाले, "तिथं जुन्या करारात बहुतेक ठिकाणी मुळात हा साधा शब्द आहे. अर्थ, ऐकणे. इब्री माणूस ऐकणं आणि पाळणं वेगळं करत नाही. ऐकलं म्हणजे उठून केलं. केलं नसेल तर ऐकलंच नाही."

इथवर उत्तम होतं. पण संदेशाला शेवट लागतो, आणि साहेबांनी तो नेहमीचाच लावला. म्हणून मुलांनी आईबापाचं ऐकावं, बायकांनी नवऱ्याचं, मंडळीनं पंचांचं. पुढच्या बाकावर मंडळीचा कारभार बघणाऱ्या पाच पंचांचे मुख्य विश्वासराव बसले होते. निवृत्त हेडमास्तर, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. त्यांनी तीनदा मान हलवली.

तेवढ्यात काका उठून उभे राहिले. आमच्याकडं संदेशाच्या मध्ये कुणी उभं राहत नाही. फार तर खोकतात.

"साहेब, हा शब्द देवाला लावलाय का कुठं?"

"लावलाय की. लोक गुलामीत कण्हत होते, देवानं त्यांचं कण्हणं ऐकलं. तिथं हाच शब्द आहे."

"मग देव कुणाची आज्ञा पाळतो?"

पत्र्यावर चिमणी चालत होती. तिची नखं ऐकू आली.

पाळकसाहेब प्रामाणिक माणूस. त्यांनी पुस्तकातला तो उतारा पुन्हा वाचला. "देव आज्ञा पाळत नाही, काका. देव कान देतो. आणि मग उठतो."

"म्हणजे हा शब्द खालच्यानं वरच्याचं ऐकायचा न्हाई."

"तसा नुसता नाही."

"वरच्यानं खालच्याचं पण."

"हो."

"हाव," म्हणाले काका आणि बसले. विश्वासरावांनी मान हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी साहेबांकडून तो शब्द कागदावर लिहून घेतला. तीन अक्षरं, उजवीकडून डावीकडं. ती घेऊन ते रशीदभाईंकडं गेले, कारण उलटं लिहिणाऱ्यांत त्यांच्या ओळखीचे तेवढेच.

"शमा?" रशीदभाई म्हणाले. "शमा म्हणजे मेणबत्ती, काका."

"ऐकायचा शब्द आहे हा."

"मग आमचा समी असंल. समी म्हणजे ऐकणारा. अल्लाचं नाव आहे. नमाजात रोज म्हणतो की आम्ही, जो त्याची तारीफ करतो त्याचं तो ऐकतो." आणि त्यांनी कागद कपाळाला लावून परत दिला. काकांनी तो पाकिटात ठेवला आणि त्या दिवशी चहाची पोच मागितली नाही.

या शब्दानं काकांना एवढं का धरलं, ते मला पुढं कळलं. मी त्यांचा पेन्शनच्या कामासाठी फोटो काढायला खोलीवर गेलो होतो. खाट, कंदिलासाठी खिळा, आणि खिळ्याला कंदील नाही. त्यांनी ट्रंकेतून सात निळी आंतरदेशीय पत्रं काढली आणि माझ्या हातात दिली.

त्यांची एकुलती मुलगी रिबका लातूरकडच्या मुरुडला दिली होती. काकू आधीच गेलेल्या. लग्नानंतर दीड वर्षात ही सात पत्रं आली. अक्षर गोल, शाळेतलं. पहिल्या पत्रात ती मारल्याचं सांगत नव्हती, पडल्याचं सांगत होती. तिसऱ्यापासून सांगत होती. शेवटची ओळ प्रत्येक पत्रात तीच. बाबा, मला घेऊन जा.

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"उत्तर दिलं," काका म्हणाले. "सातही पत्रांना. आलं त्याच दिवशी. एक दिवस उशीर न्हाई."

"काय लिहिलं?"

"बाळ, आज्ञा पाळ. प्रभू बघतो."

सातव्या पत्राच्या उत्तराला उत्तर आलं नाही. रिबका शेतातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला असं सासरचे म्हणाले आणि कागदावर तसंच लागलं. काका मुरुडहून परत आले, दुसऱ्या दिवशी फेरीवर गेले, आणि वाड्यांवर बायकांना पत्रं वाचून दाखवून काय लिहिलंय ते विचारत राहिले. हजार घरांत ज्यानं पोच घेतली, त्यानं स्वतःच्या घरी दिली नव्हती. हे वाक्य माझं आहे. ते असं काही बोलले नाहीत. पत्रं परत घेताना फक्त क्रमानं लावून घेतली.

मी त्या दिवशी फोटो काढला नाही. कॅमेरा बिघडलाय म्हणालो.

गेल्या वर्षी एप्रिलातल्या शेवटच्या रविवारी, उपासना संपल्यावर, सुशीला पंचांसमोर आली. सुशीला ही विश्वासरावांची सून. नवरा प्रकाश, दिसायला देखणा आणि मंडळीतला पहिल्या नंबरचा गाणारा. सात वर्षं मी त्याच्या मागं पेटी वाजवली आहे. पट्टी काळी चार. सुंदर आवाज. म्हणून सांगतो, आवाजावरून माणूस ओळखता येतो असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडं पाठवा.

सुशीलेच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं. पाच पंच टेबलामागं, त्यांत काका आणि मधोमध तिचे सासरे. पाळकसाहेब बाजूला. मी पेटीची झाकणी बंद करायच्या निमित्तानं थांबलो होतो. विश्वासराव म्हणाले, "प्रार्थना करू आणि घरी जाऊ. घरातली गोष्ट आहे." तेव्हा काका म्हणाले, "ती काय म्हणते ते आधी ऐकू. आन प्रत्येकानं पोच द्यायची. पाचांनी."

बाकीचे हसले, पण काकांचा नाद सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून हो म्हणाले. सुशीला उभ्यानंच बोलली. "मागच्या सोमवारी भाजीत मीठ जास्ती झालं. त्यांनी लाटण्यानं हात मोडला. मी वरडले. घरात समदे होते, कुणी आलं न्हाई. मला तिथं परत धाडू नका."

पहिले पंच म्हणाले, "नवराबायकोत कुरबुर झाली."

"मी कुरबुर म्हणले न्हाई."

"बरं. रागाच्या भरात त्याचा हात उठला."

"मी राग म्हणले न्हाई. लाटणं म्हणले."

दुसऱ्यांनी लाटणं म्हटलं, पण मोडला म्हणवेना, लागला म्हणाले. तिसरे सगळं बरोबर बोलले आणि शेवटचं वाक्य गाळलं. सुशीला दर वेळी नाही म्हणत होती, न चिडता, एखादी बाई दुकानात चुकीचं माप परत करते तशी. आणि गंमत म्हणा की काय म्हणा, त्या पाचसहा वाक्यांनी पंचांच्या कपाळाला घाम आला. साधी मराठी वाक्यं. तोंडातून निघेनात.

विश्वासरावांची पाळी आली. ते म्हणाले, "मी काय पोच देणार. मला त्या दिवशी काही ऐकूच आलं नाही. साठी उलटली, कान गेलेत माझे."

"आत्ता ती काय म्हणाली ते सांगा," काका म्हणाले.

"आत्ताचं पण नीट ऐकू आलं नाही."

"मग मी देतो," काका म्हणाले आणि उभे राहिले. पंचांपैकी एकानं जरी पुरती पोच दिली असती तर निर्णय फिरला असता असं मला अजून वाटतं. तिसरे पंच जवळजवळ आलेच होते. काका तिच्याकडं बघून, तिच्याच चालीत बोलायला लागले. "मागच्या सोमवारी भाजीत मीठ जास्ती झालं. त्यांनी लाटण्यानं हात मोडला. मी वरडले. घरात समदे होते, कुणी आलं न्हाई. बाबा, मला घेऊन जा. बाबा, तुमचं पत्र पोचलं, पण..."

सुशीला हळूच म्हणाली, "काका, मी बाबा म्हणले न्हाई."

काका थांबले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बाबा आलं. तिसऱ्यांदा आवाजच फुटला नाही. ते टेबलाची कड धरून उभे राहिले, आणि त्यांच्या तोंडाची नुसती हालचाल होत राहिली. 

पाळकसाहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाले, "काकांची तब्येत बरी नाही. आज एवढंच." विश्वासरावांना तेवढंच हवं होतं. दोन मिनिटांत ठरलं: प्रकाशनं माफी मागायची, सुशीलेनं घरी जायचं, मंडळीनं उपवास-प्रार्थना करायची. चार हात वर झाले. काकांचा झाला नाही, पण कुणी बघितलंही नाही.

"हिला घरी कोण पोचवतं?" साहेबांनी विचारलं.

"मी," काका म्हणाले. "पोचवायचं काम माझं."

त्यांनी तिला दारापर्यंत नेलं. ती आत गेली. मग ते देवळात परत आले, पांढरी प्लास्टिकची एक खुर्ची उचलली, डोक्यावर पालथी धरून गल्लीतून नेली आणि विश्वासरावांच्या दारासमोर, रस्त्याच्या पलीकडं टाकून बसले.

पहिल्या दिवशी गल्लीला मजा वाटली. विश्वासरावांची बायको बाहेर आली. "काका, हितं काय करून राहिले?"

"ऐकून राहिलो."

"कुणाचं?"

"तुमच्या घराचं."

"चहा घेता का?"

"घेतो. साखर कमी."

तिनं पोच दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही.

सकाळी सातला यायचे, दिवेलागणीला उठायचे. छत्री, पाण्याची बाटली, बाकी काही नाही. पुस्तकही नाही. प्रकाश मोटारसायकल काढताना उगाच हॉर्न दाबून धरायचा. एकदा त्यानं अंगण धुवायच्या नावाखाली बादली त्यांच्या पायांवर ओतली. काकांनी क्लिप काढली, पुसली, परत लावली. विश्वासराव दारात येऊन म्हणाले, "पोस्टमन, लोक काय म्हणतील?"

"सांगू का काय म्हणून राहिलेत ते? रोज हितूनच जातेत."

विश्वासराव आत गेले.

मग पाळकसाहेबांना पाठवलं. त्यांनी समजावलं, की काका, निर्णय झालाय, पंचांची आज्ञा मोडणं बरं नव्हे. काका म्हणाले, "कुठं मोडली? घरी पोचवा म्हणालात, पोचवली. सही घेतल्याबिगर पोस्टमन दारातून हालत न्हाई."  जाताना साहेब छत्री त्यांच्या बाजूला थोडी कलती करून गेले. एवढी त्यांची हिंमत. माझी तेवढीही नव्हती. मी तिथून जाताना स्कूटर हळू करायचो आणि म्हणायचो, "काय काका, आज काय बातमी?"

"शांतता आहे," ते म्हणायचे.

शांतता खरंच होती. नंतर सुशीलेनं सांगितलं, ते एकोणीस दिवस कुणी तिच्या अंगाला हात लावला नाही. दिवसा काका होते म्हणून, आणि रात्री, सकाळी काका येणार म्हणून. पण तो मे महिना होता. कंधारचा मे काय असतो ते कंधारच्या कुत्र्यांना विचारा. दहा वाजता तीही सावली सोडत नाहीत. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर. दहाव्या दिवसापासून त्यांच्या ओठांवर पांढरी साय दिसायला लागली. मी म्हणालो, "काका, पुरे. आळीपाळीनं बसू." ते म्हणाले, "बसा की." मी दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर घेतली.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही त्याची वाट बघणार नाही. काका एकोणिसाव्या दिवशी संध्याकाळी नांदेडच्या दवाखान्यात वारले. सुशीला कंधारला परत आली नाही. ती लातूरला मुलींच्या एका वसतिगृहात पोळ्या करते, डावा हात अजून पुरता वळत नाही. प्रकाश अजून गातो. मी त्याच्या मागं पेटी वाजवत नाही, आणि हे मी फार उशिरा सुरू केलंय हे मला माहीत आहे.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला मी गल्लीत शिरलो तर खुर्ची आडवी होती. काका मातीत, छत्री उलटी. त्यांच्यापर्यंत आधी पोचले होते विश्वासराव, अनवाणी, त्या तापलेल्या रस्त्यावर. सुशीला मागून पाण्याची कळशी घेऊन धावत आली. तिला कुणी थांबवलं नाही. मी स्टँडवरून एक काळीपिवळी जीप आणली. मी ड्रायव्हरशेजारी बसलो. मागच्या सीटवर विश्वासराव, त्यांच्या मांडीवर काकांचं डोकं, आणि खाली दोन सीटच्या मधे सुशीला, ओला पदर काकांच्या कपाळावर धरून.

नांदेडच्या वाटेवरचं लोहा गाव मागं पडलं. काकांचे डोळे अर्धे उघडे होते. ते काहीतरी पुटपुटत होते, एकच एक, पुन्हा पुन्हा, पण गाडीच्या आवाजात शब्द लागत नव्हते. सुशीला कान त्यांच्या तोंडाजवळ नेऊन म्हणाली, "काय म्हणून राहिले, काका? पुन्हा सांगा." त्यांनी पुन्हा सांगितलं. तिला कळलं नाही. तिनं वर सासऱ्यांकडं बघितलं. "मामा, तुम्ही जवळ हाव. तुमाला काही ऐकू आलं का?"

मी आरशात बघत होतो. विश्वासरावांचा हात काकांच्या छातीवर होता. वरचं बटण लावलेला त्यांचा शर्ट मातीनं भरला होता. त्यांनी सुशीलेकडं बघितलं, मग खिडकीबाहेर, मग पुन्हा तिच्याकडं, आणि एवढ्या मोठ्यानं बोलले की ड्रायव्हरनं पाय ब्रेकवर नेला.

"सगळं ऐकू येत होतं गं मला. टीव्हीचा आवाज मीच वाढवायचो."